‘माहीत नाही’चा रंग कोणता?

मी औषधांची माहिती देणाऱ्या एका ॲपवर काम करतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. अशी पाच-सहा ॲप्स आहेत आणि सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. तुम्ही गोळीचं नाव टाकता, किंमत येते, पर्यायी ब्रँड येतात आणि त्याखाली एक चौकट येते. दारूसोबत चालेल का, गाडी चालवताना चालेल का, गरोदरपणात चालेल का, अंगावर पाजताना चालेल का. प्रत्येक प्रश्नापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे चालेल, लाल म्हणजे नको.

त्या ठिपक्याचा कोड मी लिहिलाय. २०२१ साली, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. डेटाबेसमध्ये त्या रकान्यात तीन गोष्टी असू शकत होत्या : हो, नाही, किंवा काहीच नाही. या ‘काहीच नाही’ला आम्ही नल म्हणतो. मी अट लिहिली, सुरक्षित नसेल तर लाल दाखव. जावास्क्रिप्टमध्ये अशी अट लिहिली की ‘नाही’ आणि ‘काहीच नाही’ यांतला फरक पुसला जातो. दोन्ही त्या भाषेच्या लेखी खोटंच. सीनियरने कोडवर नजर टाकून अंगठा दाखवला, कोड गेला, आणि मी खाली उतरून चहा प्यायलो. म्हणजे ‘सुरक्षित आहे की नाही ते आमच्याकडे नोंदलेलं नाही’ अशा प्रत्येक औषधापुढे त्या दिवसापासून लाल ठिपका दिसायला लागला. कुणी तक्रार केली नाही. लाल ठिपक्याची तक्रार कोण करणार?

गेल्या वर्षी जानेवारीत ताईचा स्क्रीनशॉट आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली तीसुद्धा ठाकूरद्वारलाच, आमच्या चाळीपासून चालत सात मिनिटांवर. स्क्रीनशॉट आमच्याच ॲपचा होता. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन अशा जोडगोळीचं नाव, खाली गरोदरपणापुढे लाल ठिपका, स्तनपानापुढे लाल ठिपका. त्याखाली तिचा मेसेज : ‘हे तुमचंच ना रे? मग नको ना घ्यायला?’

ताईला चौथा महिना होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही विनय हेल्थ होममध्ये बसलो. घरी बोलणं शक्य नव्हतं. ज्यांनी चाळीत दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी दहा बाय बाराची खोली, त्यात सासू, आणि गॅलरीत कायम कुणीतरी उभं, एवढं डोळ्यांसमोर आणावं. मिसळ आली, ताईने पावाचे तुकडे केले आणि नुसतेच बशीत ठेवले. भाऊजींचा खोकला दोन महिने हटत नव्हता. तपासल्यावर क्षय निघाला. क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी करतातच, ती केली, आणि ती पॉझिटिव्ह आली. ताईची चाचणी गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्यांबरोबर आधी झाली होती. निगेटिव्ह. पुन्हा केली. पुन्हा निगेटिव्ह.

भाऊजींना कुठून आणि कधी, हे मी विचारलं नाही. इथे लिहिणारही नाही. या विषयावरच्या लेखात वाचकाचं अर्धं लक्ष त्या प्रश्नाकडे असतं हे मला माहीत आहे, आणि ताईपुढचा प्रश्न त्या उत्तराने तसूभरही बदलत नव्हता.

तिचा प्रश्न असा होता. भाऊजींचे एआरटीचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. औषध नीट घेतलं की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो जोडीदाराकडे जात नाही, हे आता पक्कं झालेलं ज्ञान आहे. २०११ साली ज्या मोठ्या अभ्यासाने त्याचा पाया घातला, तो नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झाला होता आणि त्यात पुण्याच्या नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधून आलेली जोडपीही होती. पण विषाणू इतका खाली यायला काही महिने लागतात, साधारण सहा धरा. ताईच्या पोटात बाळ होतं आणि पुढचे सहा महिने म्हणजे तिचं उरलेलं सगळं गरोदरपण. त्या काळात तिने स्वतः रोज एक प्रतिबंधक गोळी घ्यावी का? त्याला प्रेप म्हणतात. संसर्ग व्हायच्या आधीच घ्यायचं औषध.

एआरटी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्या गोळीचं नाव एका कागदावर लिहून दिलं आणि म्हणाल्या, गरोदर आहात, तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि परत दिला. “प्रेग्नन्सीत उगाच नवीन औषध कशाला? कंडोम वापरा. खरं तर सध्या लांबच राहा.”

“लांब म्हणजे कुठे राहू?” ताई म्हणाली. “धोबीतलावला?”

मग तिने ॲप उघडून बघितलं, आणि माझ्या ठिपक्याने डॉक्टरांच्या वाक्यावर शिक्का मारला.

*

आमच्याकडे गरोदर बाईला काय चालत नाही याची यादी पाठ असते. पपई नको, अननस नको, ग्रहणात विळीला हात लावू नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको. ही यादी कुणी तपासलेली नाही आणि कुणाला तपासायचीही नाही, कारण पाळण्यात तोटा दिसत नाही. एक पपई न खाल्ल्याने कुणाचं काय बिघडलं? गंमत म्हणजे बाळंत झाल्यावर जो बाळंतकाढा चमचा-चमचा घशात ओततात, त्याबद्दल ‘अंगावर पिणाऱ्या बाळावर याचा अभ्यास झालाय का’ असं गिरगावात कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. परंपरेला पुरावा लागत नाही, आणि नवीन गोष्टीला कितीही दिला तरी पुरत नाही.

मला वाटतं ‘कशाला रिस्क?’ हे वाक्य याच यादीतून दवाखान्यात शिरलं. ते ऐकायला काळजीचं वाटतं. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे : औषध घेणं ही कृती, त्यात धोका, न घेणं ही कृतीच नाही, म्हणून त्यात धोका नाही. पपईच्या बाबतीत हे खपून जातं. ताईच्या बाबतीत नाही.

कारण आकडे असे आहेत. आफ्रिकेतल्या २,७५१ जोडप्यांचा, ज्यांत एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका संबंधामागे बाईला संसर्ग होण्याची शक्यता गरोदरपणाच्या उत्तरार्धात सुमारे पावणेतीन पट आणि बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत जवळजवळ चौपट निघाली, एरवीच्या तुलनेत. मूळ शक्यता लहान असते, त्यामुळे चौपट म्हणजे खात्री नव्हे. पण दिशा बघा. ज्या काळात आपण बाईला औषधापासून सगळ्यात जास्त ‘जपतो’, नेमक्या त्याच काळात तिला विषाणूचा धोका सगळ्यात जास्त असतो. आणि त्याच्यापुढची गोष्ट : गरोदरपणात किंवा पाजताना नव्याने संसर्ग झाला, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो, त्यामुळे बाळाकडे जाण्याची शक्यताही मोठी. शिवाय आईची चाचणी तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आलेली असते. पुन्हा करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. बाळाला वाचवण्यासाठी आईला न दिलेली गोळी ही अशी बाळाच्याच अंगावर येऊ शकते.

हे फक्त आफ्रिकेचं नाही. १९९७ साली पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९३ ते १९९६ या काळात तिथे आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांपैकी १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही निघाला. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाबरोबर राहिलेल्या, म्हणजे नवऱ्याबरोबर. तो अभ्यास मी ताईच्या निमित्ताने वाचला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो आणि आपल्याकडे हे माहीत होतं.

*

त्या रात्री मी ऑफिसच्या लॅपटॉपवर आमचा डेटाबेस उघडला. रकाना रिकामा होता. ज्या कंपनीकडून आम्ही माहिती विकत घेतो, तिने तो भरलेला नव्हता. म्हणजे ताईने जो लाल ठिपका पाहिला, त्यामागे कुठलाही अभ्यास, कुठलाही इशारा, कुठलाही बिघडलेला अहवाल नव्हता. त्यामागे मी होतो.

मग मी वाचायला बसलो. डॉक्टर नाही, पण वाचता येतं.

पहिल्यांदा राग आला तो या गोष्टीचा. प्रेपचा एक मोठा अभ्यास केनिया आणि युगांडात ४,७०० हून जास्त जोडप्यांवर झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. या जोडगोळीने संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी झाला. पण अभ्यासात एखादी बाई गरोदर राहिली की तिची गोळी बंद करायची, असा नियम होता. प्रयोग करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण परिणाम असा की जगाकडे गोळी आली आणि गरोदर बाईबद्दलचा रकाना रिकामा आला. वगळलं म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून द्यायची नाही, द्यायची नाही म्हणून पुढेही माहिती नाही. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात : दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात आणि प्रोग्राम गोठतो. कुणाचीच चूक दिसत नाही.

पुढे वाचलं तर रकाना तितका रिकामा नव्हताच. टेनोफोविर हे औषध एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलं जातंय. भारतात जानेवारी २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार सुरू करायचं धोरण आहे आणि त्यातल्या तीन औषधांत टेनोफोविर होतंच. म्हणजे ताईच्या रक्तात विषाणू असता तर हेच औषध सरकारने फुकट आणि आग्रहाने दिलं असतं. विषाणू नव्हता म्हणून ‘उगाच कशाला’. मी हे वाक्य ताईला बोलून दाखवलं तेव्हा ती हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

अंगावर पाजण्याबद्दलही सापडलं. २०१६ साली केनिया-युगांडातल्या ५० निगेटिव्ह माता आणि त्यांच्या बाळांचा छोटा, पण नेटका अभ्यास झाला. आयांनी रोज गोळी घेतली, मग दूध आणि बाळाचं रक्त तपासलं. ९४ टक्के बाळांच्या रक्तात टेनोफोविर सापडलंच नाही. दुधातून बाळाला मिळणारी मात्रा बाळाच्या औषधी डोसच्या दहा हजाराव्या हिश्शापेक्षा कमी. दुसऱ्या औषधाची अर्धा टक्का. याचं कारण मला फार आवडलं. टेनोफोविर आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून गोळीत ते एका रासायनिक वेष्टनात घालतात. शरीरात गेल्यावर वेष्टन गळून पडतं. दुधात उतरतं ते वेष्टनाशिवायचं औषध, त्यामुळे बाळाच्या पोटात गेलं तरी बहुतेक तसंच बाहेर पडतं. इंजिनिअरला अशी गोष्ट वाचून झोप लागते.

उलट बाजूचंही वाचलं, आणि ते ताईला सांगितलं. २०१६ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचं एक केंद्र भारतात होतं, एचआयव्हीबाधित गरोदर बायकांच्या टेनोफोविरवाल्या गटात फार लवकर होणारी बाळंतपणं आणि बाळांचे मृत्यू दुसऱ्या औषधांच्या गटापेक्षा जास्त निघाले. त्या गटाला सोबत आणखी एक तगडं औषध वाढीव डोसमध्ये दिलं जात होतं, आणि दोष कुणाचा यावर बराच वाद झाला. नंतर पश्चिम केनियात, २०१७ पासून, सरकारी माता-बाल दवाखान्यांमध्ये निगेटिव्ह गरोदर बायकांना नुसती प्रेप दिली गेली. तिथे मुदतपूर्व बाळंतपण किंवा बाळाचं वजन यात फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ सालीच सांगितलं होतं की धोका मोठा असेल तर गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला प्रेप नाकारू नये.

म्हणजे ‘माहीत नाही’ हेही एक नसतं. जगालाच माहीत नाही, हे एक. जगाला माहीत आहे पण माझ्या रकान्यात भरलेलं नाही, हे दुसरं. आणि कुणी विचारलंच नाही म्हणून माहीत नाही, हे तिसरं. माझ्या कोडने तिन्हींना एकच रंग दिला होता. डॉक्टरांनीही.

*

यावर जो आक्षेप येतो तो एका शब्दाचा असतो : थॅलिडोमाइड. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेली झोपेची गोळी, गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिली गेली, आणि दहा हजारांहून जास्त मुलं हातपाय अपुरे घेऊन जन्माला आली. हा आक्षेप हलका नाही. ज्या घरात असं मूल जन्मलं त्या घरापुढे उभं राहून ‘वगळू नका’ म्हणायची माझी हिंमत नाही.

पण ती गोष्ट नीट वाचली तर उलटी निघते. थॅलिडोमाइडचं संकट गरोदर बायकांना प्रयोगात घेतल्याने आलं नाही. प्रयोग न करता दुकानात विकल्याने आलं. अमेरिकेत ती गोळी अडवणाऱ्या फ्रान्सिस केल्सी बाईंनी ‘गरोदर बाईचं नाव काढू नका’ असं म्हटलं नव्हतं. पुरावा आणा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. जगाने धडा मात्र दुसराच घेतला. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांनाच सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते मागे घ्यायला १९९३ उजाडलं.

आपल्या मुंबईतही याची दुसरी टोकाची गोष्ट आहे. १० जानेवारी १८९७ ला वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. प्लेगने भरलेल्या शहरात, गजाआड बसलेल्या माणसाची स्वेच्छा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. दुबळ्या माणसाचं शरीर ज्ञानासाठी वापरून घेणं हा एक अन्याय. पण दुबळं ठरवून त्या शरीराला ज्ञानाच्या बाहेरच ठेवणं हाही अन्यायच, फक्त त्यात कुणी दिसत नाही. कारण धोका नाहीसा होत नाही. तो प्रयोगशाळेतून उचलून घरात ठेवला जातो. प्रयोगात बाईला संमतीपत्र मिळतं, तपासण्या होतात, काही बिघडलं तर कुणीतरी जबाबदार असतं. घरी ती एकटीच एक प्रयोग असते, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, विसरलोय इतकंच. लशीच्या चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या, म्हणून लसीकरणातही नव्हत्या. आमच्या चाळीतली एक वहिनी सात महिन्यांची होती. एप्रिल आणि मे तिने मागच्या खोलीत काढले, जेवण दाराशी ठेवायचे. त्याच काळात परळची प्रजनन आरोग्य संस्था आणि नायर रुग्णालय मिळून कोविड झालेल्या गरोदर बायकांची नोंद ठेवत होते, आणि आयसीएमआरच्या आकड्यांनुसार गरोदर आणि बाळंत बायकांमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेतल्या ०.७ टक्क्यांवरून दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेलं होतं. परवानगी आली २ जुलैला. लाट ओसरल्यावर. मी तो लाल ठिपक्याचा कोड त्याच उन्हाळ्यात लिहिला.

मग ‘माहीत नाही’चं करायचं काय? याचं मला पटलेलं उत्तर बोट्स्वानात सापडलं. तिथे २०१४ पासून सरकारी रुग्णालयांमधल्या बाळंतपणांची शिस्तीत नोंद ठेवत होते. मे २०१८ मध्ये डोल्युटेग्राविर या नव्या, चांगल्या एचआयव्हीच्या औषधाबद्दल धोक्याची घंटा वाजली. गर्भ राहतानाच हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत जन्मजात दोष निघाला. जवळजवळ एक टक्का. एरवी हजारात एखादा. जगभर धावपळ उडाली आणि कितीतरी देशांनी मूल होऊ शकेल अशा बायकांना ते औषध देणं थांबवलं. जुलै महिन्यात आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांतल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका किगालीत जमल्या आणि म्हणाल्या, आकडे आम्हालाही समजतात, निवड आमच्याकडे द्या. इकडे नोंद चालूच राहिली. २०१९ पर्यंत प्रमाण ०.३ टक्क्यांवर आलं, आणखी काही वर्षांत, हजारो बाळंतपणं मोजल्यावर, फरक उरलाच नाही. त्या चार बाळांचं दुःख खरं होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा होता. आणि हे कळलं ते कुणीतरी मोजणं थांबवलं नाही म्हणून.

*

हे सगळं मी ताईला विनयमध्येच, दुसऱ्या खेपेला, मोठ्या उत्साहाने सांगितलं. फोनवर तक्ते दाखवले. शेवटी म्हटलं, “बघ, निर्णय तुझा आहे.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डॉक्टरही तेच म्हणाले. समुपदेशक बाईही तेच. आता तूही. सगळे म्हणतात निर्णय तुझा. म्हणजे चूकही माझी.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि त्यानंतर मी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघायला लागलो. इथून जवळच, चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी पुढे प्राध्यापकी गेली. बाईच्या शरीराचा निर्णय बाईने घ्यावा हे शंभर वर्षांपूर्वी इथे कुणीतरी किंमत मोजून म्हटलंय, आणि माझ्यासारखी मुलं ते आता फुकटात म्हणतात. पण कर्व्यांनी नुसतं ‘निर्णय तुमचा’ म्हणून हात झटकले नव्हते. ते माहिती देत होते, साधनं देत होते, आणि जे होईल त्यात त्यांचं नाव होतं. खटले त्यांच्यावर झाले.

आपण स्वायत्ततेचा आदर म्हणून जे करतो त्यातलं बरंचसं म्हणजे दोषाची वाटणी असते. गोळी दिली आणि काही बिघडलं तर डॉक्टर दोषी. नाही दिली आणि बिघडलं तर नशीब. नशिबावर केस होत नाही, म्हणून सल्ला आपोआप नशिबाच्या बाजूला कलतो. माझा ठिपकाही तसाच कलला होता. चुकून, पण ज्या बाजूला सगळं कलतं त्याच बाजूला. आणि मी पुरुष आहे. माझ्या पोटात काही नव्हतं. तक्ते दाखवून मी घरी गेलो आणि झोपलो.

ताई झोपली नाही. ती पुन्हा एआरटी केंद्रात गेली, या वेळी समुपदेशकांकडे न थांबता तिथल्या डॉक्टर बाईंकडे. त्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगितली, कावीळ बीची आणि एचआयव्हीची चाचणी पुन्हा केली. मग ताईच्याच शब्दांत, “त्या म्हणाल्या, मी तुमच्या जागी असते तर घेतली असती, आणि मी लिहून देतेय. माझ्या सहीने. काही वाटलं तर इथे यायचं, दुसरीकडे कुठे नाही.” पाच मिनिटांचं बोलणं. मी दिलेल्या सगळ्या तक्त्यांत नव्हतं ते त्यात होतं : कुणीतरी तिच्या बाजूला येऊन उभं राहिलं.

गोळ्या ताईने स्वतःच्या पैशाने घेतल्या. डबीवरचं लेबल काढून टाकलं आणि सासूबाईंना कॅल्शियम म्हणून सांगितलं. २०१७ च्या कायद्याने तिच्या नवऱ्याच्या आजाराला गोपनीयता दिली आहे, पण चाळीच्या फळकुटाच्या भिंतीला कायदा कळत नाही. डोहाळेजेवणाच्या दिवशी सगळ्या बायकांमधून उठून ती आत गेली, पाण्याबरोबर गोळी गिळली आणि परत येऊन झोपाळ्यावर बसली. मी फोटो काढत होतो.

जुलैमध्ये मुलगी झाली. ताई निगेटिव्ह आहे, मुलगी छान आहे, भाऊजींचा विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आला आणि ऑगस्टात डॉक्टर बाईंनी गोळी थांबवली. हे सांगायला बरं वाटतं, पण त्यामुळे निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणणार नाही. गोळी न घेताही कदाचित हेच झालं असतं. गोळी घेऊन मुलगी अशक्त जन्मली असती, तर गोळीचा संबंध असो वा नसो, ताईने जन्मभर त्या डबीकडे बोट दाखवलं असतं. निर्णय बरोबर होता की नाही ते जानेवारीतच ठरलं, जे माहीत होतं त्यावरून. जुलैला फक्त निकाल लागला. ताईला हे पटत नाही. ती म्हणते, “तुला मुलगी दिसत नाही का समोर?”

*

जग थोडं हललंय. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन आलंय. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या मुलींवर आणि तरुण बायकांवर झालेल्या त्याच्या चाचणीत, ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. आणि या वेळी गरोदर राहिलेल्या मुलींना बाहेर काढलं नाही. पाचशेहून जास्त गर्भारपणांची नोंद त्याच अभ्यासात झाली. रकाना भरूनच औषध आलं. ते स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्यांत एक कंपनी पुण्याची आहे.

ऑफिसमध्ये मी तिसऱ्या ठिपक्याचा प्रस्ताव दिला. राखाडी. मॅनेजर म्हणाला, युजरला दोन रंग कळतात. लीगलची बाई म्हणाली, लाल असलेला बरा, लालवर कुणी कोर्टात जात नाही. तिचं बरोबर होतं, आणि मी ते बैठकीत तसंच बोललो : नेमकं म्हणूनच तो लाल आहे. चार महिने गेले. शेवटी राखाडी ठिपका गेला, त्यावर बोट ठेवलं की काय माहीत आहे आणि काय नाही ते दोन ओळींत उघडतं. ज्या रकान्यांत खरोखर माहिती होती ते भरायला दोन फार्मसिस्ट घेतले. ताईच्या गोळीपुढे आता हिरवा आहे, खाली अटींसह.

गेल्या आठवड्यात सपोर्टकडून एक तिकीट माझ्याकडे आलं. मायग्रेनची कुठलीशी गोळी, तिच्यापुढे राखाडी ठिपका. युजरने लिहिलं होतं : ‘राखाडी म्हणजे काय? सहावा महिना आहे. घेऊ की नको तेवढं सांगा ना.’

उत्तरासाठी तयार मजकूर असतो, कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खाली टीमचं नाव. मी तो चिकटवला, वाचला आणि खोडला. मग दोन्ही फार्मसिस्टना फोन लावला, त्यांतल्या एकीने उचलला. आम्ही तासभर वाचत होतो. तिकीट अजून उघडं आहे, माझ्या नावावर.